खेळघर: लेव्हल साठवू नका, तीसला खर्च करा

या महिन्याच्या टपालात माइनक्राफ्टचीच पत्रं जास्त आलीत, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत सगळा किनारा खणतोय असं दिसतंय, आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलंय, एन्चांटिंगपाशी. ज्यांच्या घरात हा गेम अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोजांग या स्वीडिश कंपनीचा हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम, २०११ साली पूर्ण रूपात आला, त्यात खणायचं, बांधायचं, जगायचं, आणि एन्चांटिंग म्हणजे पिकॅक्स (खणायची कुदळ), तलवार, बूट असल्या वस्तूंवर जादू चढवायची, की मग त्या जास्त टिकतात, भराभर खणतात, हिरे जास्त देतात. त्यासाठी लागतो एक्सपी, म्हणजे मॉब (गेममधले प्राणी आणि राक्षस) मारल्यावर, खाणीत, भट्टीत, मासे पकडताना मिळणारे ते हिरवे चमकणारे गोळे, ज्यांनी लेव्हल चढते. एक्सपी मिळवायला तास न् तास जातात आणि बहुतेक जण तो नको तिथे उधळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे, रत्नागिरीला राहतो. माझी लेव्हल ५७ झालीय. ६० झाली की एकदम सगळं डायमंडचं सामान एन्चांट करणार आहे. बरोबर आहे ना प्लॅन?

उत्तर: नाही रे, अजिबात थांबू नकोस, आजच एन्चांटिंग टेबलापाशी, म्हणजे जादू चढवायच्या टेबलापाशी, जा. लेव्हल आणि पॉइंट (गोळ्यांतून मिळणारा एक्सपी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच सगळे फसतात. वर जाऊ तशी प्रत्येक लेव्हल महाग होत जाते. शून्यापासून १६ पर्यंत यायला फक्त ३५२ पॉइंट लागतात, ३० पर्यंत १३९५ लागतात, आणि तू जिथे आहेस त्या ५७ पर्यंत यायला तब्बल ७५७८ लागलेत. आता टेबलावर सगळ्यात भारी पर्यायाला लेव्हल ३० असावी लागते पण कापल्या जातात फक्त ३ लेव्हल, सोबत ३ लॅपिस (खाणीतले निळे खडे). म्हणजे ३० वर असताना एन्चांट केलंस तर तू २७ वर येतोस आणि परत ३० वर चढायला ३०६ पॉइंट पुरतात. तेच ६० वर बसून केलंस तर तेवढ्याच ३ लेव्हल जातात पण त्या भरून काढायला १०९२ पॉइंट! वस्तू तीच, जादू तीच, ३० च्या वर एकही लेव्हल जास्त असल्याचा टेबलावर काडीचा फायदा नाही.

तुझ्याच आकड्यांवर हिशोब करून बघ. ५७ पासून खाली येत येत तुझ्या दहा वस्तू एन्चांट होतील आणि तू २७ वर येशील. तेच ७५७८ पॉइंट जर तू दर वेळी ३० ला पोचून लगेच खर्च केले असतेस तर एकवीस वस्तू झाल्या असत्या. गेलं ते गेलं, आता त्या दहा करून टाक आणि यापुढे ३० झाली रे झाली की टेबल गाठायचं.

आणि दुसरं कारण तर याहून मोठं आहे. मेलास की जमिनीवर पडणारा एक्सपी तुझ्या लेव्हलच्या सातपट, पण जास्तीत जास्त १०० पॉइंट. शंभर पॉइंटात कशीबशी लेव्हल ७ होते. लाव्हात पडलास, क्रीपर मागून आला, किंवा पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते तसं वायफाय गेलं आणि मित्रांच्या सर्व्हरवर परत येईपर्यंत कोणीतरी तुला मारलं, की ७५७८ मधले शंभरच जमिनीवर, बाकीचे गेले. डोक्यावर ५७ लेव्हल घेऊन खाणीत उतरू नकोस बाबा.

अ‍ॅनव्हिलचं (वस्तू आणि जादूची पुस्तकं एकमेकांत जोडायची ऐरण) गणित याच्याच उलट्या टोकाला आहे, तेही याच श्वासात सांगतो. अ‍ॅनव्हिलला ३० लेव्हल असावी अशी अट नाही, जेवढी किंमत दाखवतो तेवढीच असली की पुरे. समजा किंमत ६ लेव्हल आहे. तू ३० वर असताना दिलीस तर तुझे ५६७ पॉइंट गेले. नुकताच शून्यावरून ६ वर आला असशील तेव्हा दिलीस तर ७२ पॉइंट. जवळजवळ आठपट फरक आहे हा! म्हणून माझी पद्धत अशी, टेबलाची सगळी कामं आधी एका दमात उरकायची, ३० वरून २७, परत ३०, परत २७, आणि ती संपली की अ‍ॅनव्हिलची कामं काढून लेव्हल खाली खाली नेत खर्च करायच्या, मध्ये परत तीसपर्यंत चढायचं नाही, उरलेली छोटी कामं कमी लेव्हललाच करत राहायची.

टेबलावर नको तेच पर्याय दिसत असतील तर वस्तू काढून परत ठेवून काही बदलत नाही, कितीही वेळा ठेव. काहीतरी एन्चांट केल्याशिवाय यादी बदलत नाही. एखादं साधं पुस्तक किंवा लाकडी फावडं ठेव आणि पहिला, सगळ्यात स्वस्त पर्याय दाब, १ लेव्हल आणि १ लॅपिस जाईल आणि डायमंड पिकॅक्ससाठी नवीन यादी येईल. कर्सर पर्यायावर नेलास की एकच जादू आधी दिसते, बाकीच्या झाकलेल्या असतात, पण फॉर्च्यून ३ (जास्त हिरे देणारी जादू) तिथे दिसली तर विचार करू नकोस, घेऊन टाक.

प्रश्न: नमस्कार. मी गुहागरची, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि आम्ही दोघं मिळून टॅबवर खेळतो. टेबलाभोवती १५ बुकशेल्फ लावलीत तरी लेव्हल ३० चा पर्याय येतच नाही, सातआठच्या वर जात नाही. खाली छान लाल गालिचा घातलाय. काय चुकतंय?

उत्तर: ताई, गालिचा काढा. लेव्हल ३० चा पर्याय भोवतीच्या शेल्फमुळेच येतो. शेल्फ आणि टेबल यांच्यामध्ये बरोब्बर एक ठोकळ्याची मोकळी जागा लागते, आणि मोकळी म्हणजे खरंच मोकळी, तिथे गालिचा, टॉर्च असलं काही ठेवलं की त्या शेल्फचा टेबलाशी संबंध तुटतो. शेल्फ टेबलाच्याच उंचीवर किंवा त्याच्या एक वर चालतं, त्याहून वर नाही. मध्ये टेबल ठेवून ५ बाय ५ चा चौकोन आखलात की कडेला १६ जागा होतात, १५ शेल्फ आणि उरलेली एक जागा आत यायला. सगळं जमलं की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे, मुलाला सांगा लक्ष ठेवायला: शेल्फमधून बारीक बारीक अक्षरं तरंगत टेबलाकडे जाताना दिसतात, ज्या बाजूने अक्षरं येत नाहीत तिथे काहीतरी आड आलंय. गालिचाची हौस असेल तर शेल्फच्या बाहेरच्या अंगाला घाला, तिथे काही अडत नाही.

इतरांसाठी सामानाचा हिशोब देऊन ठेवतो कारण अर्धी पत्रं तेच विचारतायत. एका शेल्फला ६ फळ्या आणि ३ पुस्तकं, एका पुस्तकाला ३ कागद आणि एक चामडं. म्हणजे १५ शेल्फना ९० फळ्या, ४५ चामडी, १३५ कागद, आणि कागद उसाला ऊस असा निघतो, ३ उसाचे ३ कागद. टेबलाला अजून एक पुस्तक, २ हिरे आणि ४ ऑब्सिडियन. ऊस पाण्याच्या कडेलाच लागतो आणि तीन ठोकळे वाढतो, वरचे दोन तोडायचे आणि बुंधा ठेवायचा. चामड्याला मात्र गायी पाळाव्याच लागतात, पण गायींची पैदास करताना प्रत्येक वेळी थोडा एक्सपीही मिळतो, म्हणून ते काम फुकट जात नाही. गावात लायब्ररी सापडली तर तिथलं शेल्फ फोडलं की ३ पुस्तकं पडतात, तेवढ्या गायी वाचल्या.

प्रश्न: दादानू, मी मालवणचो. माझ्या डायमंडच्या बुटांका पाच पुस्तका लावलंय, प्रोटेक्शन, फेदर फॉलिंग, डेप्थ स्ट्रायडर, थॉर्न्स, अनब्रेकिंग. सहावा सोल स्पीडचा लावूक गेलंय तर अ‍ॅनव्हिल म्हणता टू एक्सपेन्सिव्ह. लेव्हल माझ्याकडे ५० आसा! माका सांगा, ह्या असा कित्याक होता?

उत्तर: या पत्राला सगळ्यात जास्त जागा देतोय कारण हा प्रश्न नावं बदलून निदान निम्म्या पत्रांत आहे, कोणाची तलवार, कोणाचं हेल्मेट.

अ‍ॅनव्हिल वस्तूची आठवण ठेवतो. एखादी वस्तू अ‍ॅनव्हिलवर एकदा जोडली की तिच्यावर दंड बसतो, आणि तो दर वेळी दुपटीहून वाढतो. पहिल्यांदा ० असतो, मग १, ३, ७, १५, ३१, ६३. हा दंड जादूच्या किमतीच्या वर मोजला जातो. आणि सर्व्हायव्हलमध्ये (नेहमीच्या, जगत राहायच्या खेळात) अ‍ॅनव्हिल ३९ लेव्हलपर्यंतचंच काम घेतो, ४० झाले की टू एक्सपेन्सिव्हची ती लाल अक्षरं येतात, मग तुझ्याकडे ५० असोत की ५००. तू एकेक करून पाच पुस्तकं लावलीस म्हणजे बुटांवर आता दंड ३१, सोल स्पीड ३ च्या पुस्तकाची किंमत १२, झाले ४३. म्हणून तो नाही म्हणतोय. आणि समजा सहावं कसंबसं बसलं असतं तरी सातव्याला नुसता दंडच ६३, म्हणजे एकेक करत गेलास तर सात पुस्तकं कुठल्याच वस्तूवर कधीच बसणार नाहीत, किती का मेहनत करेनास.

यातून सुटका एकच, जोड्या लावायच्या. गावच्या कबड्डीच्या स्पर्धेत आठ संघ आले की आधी चार सामने, मग उपांत्य फेरी, मग फायनल लागते, तसंच इथे करायचं, कारण नियम असा आहे की दोन गोष्टी जोडल्या की त्यातल्या ज्याचा दंड जास्त त्याच्याच पुढची पायरी बनलेल्या वस्तूला लागते, दोन्हींची बेरीज होत नाही. म्हणून जादूची, अजून न जोडलेली दोन पुस्तकं आपापसात जोडलीस तर बूट त्यात वापरलेच जात नाहीत, त्यांचा दंड वाढत नाही. बूट आणि सात पुस्तकं म्हणजे आठ वस्तू, तीन फेऱ्या, आणि बूट सातऐवजी तीनदाच अ‍ॅनव्हिलवर चढतात.

आता नवीन बूट करशील तेव्हा वही घे आणि हे असं लिही. पहिली फेरी: बुटांवर सोल स्पीड, किंमत १२. थॉर्न्सच्या पुस्तकावर मेंडिंगचं (एक्सपीने वस्तू दुरुस्त करणारी जादू) पुस्तक, २. डेप्थ स्ट्रायडरवर फेदर फॉलिंग, ४. प्रोटेक्शनवर अनब्रेकिंग, ३. दुसऱ्या फेरीत त्या बुटांवर थॉर्न्स-मेंडिंगवालं पुस्तक, १६ लेव्हल, आणि उरलेली दोन जोडपुस्तकं एकमेकांवर, ९. शेवटी बुटांवर ते चार जादूंचं जाड पुस्तक, २३. सगळे मिळून ६९ लेव्हल आणि सगळ्यात महाग पाऊल २३ चं, म्हणजे ३९ च्या जवळपासही जात नाही. एकेक करून हेच करायला गेलास तर नुसता दंडच १२० होतो, इथे तो सगळा मिळून १० आहे.

यात एक बारकी खुबी आहे ती नीट बघ. अ‍ॅनव्हिलला दोन खाने असतात, डावीकडे जी वस्तू ठेवतोस ती राहते आणि उजवीकडची तिच्यात विरते, आणि जादूची किंमत मोजली जाते ती उजवीकडच्या पुस्तकाची. म्हणून दोन पुस्तकं जोडताना भारी किमतीचं डावीकडे ठेवायचं. थॉर्न्स ३ च्या पुस्तकाची किंमत १२ आहे, मेंडिंगची २. थॉर्न्स डावीकडे ठेवलंस तर २ लेव्हल गेल्या, चुकून उलटं ठेवलंस तर १२, आणि दोन्ही वेळा हातात येतं ते पुस्तक अगदी सारखंच!

तुझ्या आत्ताच्या बुटांचं काय करायचं, तर माझं मत असं. त्यांना अजून एकच जोड शक्य आहे, ती मेंडिंगला दे, ३१ आणि २ मिळून ३३ होतात, तुझ्याकडे ५० आहेत, काम होईल. त्यानंतर ते बूट अ‍ॅनव्हिलला कायमचे बंद, पण मेंडिंग आहे म्हणजे त्यांना परत अ‍ॅनव्हिल लागणारच नाही. सोल स्पीड दुसऱ्या साध्या बुटांवर लाव आणि नेदरमध्ये (गेममधल्या पाताळात) जाताना तेच घाल, कारण तिथल्या सोल सँड या वाळूवर पळताना सोल स्पीडवाले बूट तसेही झिजतात, चांगले बूट कशाला झिजवायचे. ग्राइंडस्टोनवर (धारेच्या दगडावर) घासून दंड शून्य होतो हे खरं आहे, थोडा एक्सपीही परत मिळतो, पण सगळ्या जादू निघून जातात, तुझी पाच पुस्तकं गेली की मग, म्हणून ते करू नको. ग्राइंडस्टोन खरा उपयोगी पडतो तो खाणीत, स्केलेटनकडून मिळालेल्या फालतू एन्चांट केलेल्या धनुष्यांवर, ती घासून एक्सपी घ्यायचा.

प्रश्न: मी हर्णैचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाबांची होडी वर ओढलेली असते आणि मी मात्र गेममध्ये मासे मारतो. गळाला काय काय लावावं? आणि ट्रायडंट मिळालाय, त्याला रिपटाइड लावू का चॅनेलिंग?

उत्तर: गळाला चार गोष्टी, लक ऑफ द सी ३, लुअर ३, अनब्रेकिंग ३ आणि मेंडिंग, चारही एकत्र राहतात, काही भांडण नाही. साध्या गळाला मासा लागायला ५ ते ३० सेकंद जातात, लुअरच्या प्रत्येक पायरीला त्यातले ५ सेकंद कमी होतात, आणि गेममध्ये पाऊस पडत असला की अजून लवकर लागतो, म्हणून पाऊस दिसला की गळ टाकून बसायचं. लक ऑफ द सीने खजिना वाढतो, कॉम्प्युटरच्या जावा आवृत्तीत ५ टक्क्यांवरून साधारण ११ पर्यंत, आणि त्या खजिन्यात एन्चांट केलेली पुस्तकं असतात, त्यात मेंडिंगही निघू शकतं. प्रत्येक माशाला १ ते ६ एक्सपी मिळतो आणि मेंडिंग असलं की तो आधी गळच दुरुस्त करतो.

ट्रायडंटला (फेकायच्या त्रिशूळाला) रिपटाइड लावलंस तर तो फेकता येत नाही, तुलाच घेऊन उडतो, पण फक्त पाण्यात किंवा पावसात. चॅनेलिंगने वीज पडते पण त्याला गडगडाटी वादळच लागतं. दोन्ही एकत्र बसत नाहीत, आणि रिपटाइड लॉयल्टीसोबतही बसत नाही. एकच ट्रायडंट असेल तर मी लॉयल्टी आणि चॅनेलिंग लावीन, लॉयल्टीने फेकलेला परत येतो, हरवत नाही, आणि ट्रायडंट परत मिळवायला ड्राउन्ड या पाण्यातल्या झॉम्बीच्या मागे किती रात्री फिरावं लागतं ते तुला माहीतच असेल. दुसरा मिळाला की तो रिपटाइडला. इम्पेलिंग (जास्त इजा करणारी जादू) मात्र बघून घे, तू मोबाइलवर बेडरॉक खेळत असशील तर ते पाण्यात किंवा पावसात असलेल्या कुठल्याही मॉबला लागू होतं, कॉम्प्युटरच्या जावात फक्त पाण्यातल्या जिवांना.

प्रश्न: अलिबागहून लिहितेय, अकरावीत आहे. टेबलावर कितीही एन्चांट केलं तरी मेंडिंग येतच नाही आणि डायमंड पिकॅक्सला एफिशियन्सी ५ पण नाही, चारच येते. गणपतीला मुंबईचे चुलतभाऊ येणार आहेत आणि त्यांच्याकडे दोन्ही आहे!

उत्तर: अगं टेबलावर येणारच नाही, दोन्ही. मेंडिंग टेबलाच्या यादीतच नाही, ते पेटाऱ्यात, गळाला किंवा लायब्रेरियनकडे (पुस्तकं विकणाऱ्या गावकऱ्याकडे) मिळतं. आणि डायमंडच्या पिकॅक्सला टेबल एफिशियन्सी (भराभर खणायची जादू) ४ च्या वर देत नाही, हिऱ्याची जादू घ्यायची ताकद लोखंड आणि सोन्यापेक्षा कमी धरलेली आहे. एफिशियन्सी ४ ची दोन पुस्तकं जोडलीस की ५ चं एक होतं, ते पिकॅक्सला लाव.

मेंडिंगसाठी गावातल्या बेकार माणसासमोर लेक्टर्न (पुस्तक ठेवायचा स्टँड) ठेव, तो लायब्रेरियन होईल. त्याच्या पहिल्या यादीत मेंडिंग नसेल तर लेक्टर्न फोड, परत ठेव, यादी बदलते, असं मेंडिंग दिसेपर्यंत करायचं. पण त्याच्याशी एकही सौदा करू नकोस तोपर्यंत, एक जरी केलास तर यादी कायमची पक्की होते. मेंडिंगची किंमत १० ते ३८ एमराल्डमध्ये (गावकऱ्यांचे पैसे म्हणजे हिरवे पाचू) कुठेही असू शकते, सोबत एक साधं पुस्तक द्यावं लागतं. एमराल्डची सोय लायब्रेरियनच करतो, बऱ्याचदा २४ कागदांना एक एमराल्ड देतो, म्हणजे तोच तुझा ऊस.

आणि हे नक्की लक्षात ठेव, मेंडिंगवाली वस्तू खराब झालेली असेल आणि हातात किंवा अंगावर असेल तर मिळणारा एक्सपी आधी दुरुस्तीला जातो, एका पॉइंटला २ टिकाऊपणा, उरला तरच लेव्हलला. तीसपर्यंत चढायच्या वेळी असल्या वस्तू पेटीत ठेवून साधी तलवार घे, नाहीतर लेव्हल का वाढत नाही म्हणत बसशील.

प्रश्न: सावंतवाडी. पिकॅक्सला फॉर्च्यून की सिल्क टच?

उत्तर: एका पिकॅक्सवर दोन्ही बसत नाहीत, म्हणून दोन पिकॅक्स कर. फॉर्च्यून ३ ने हिऱ्याच्या एका ठोकळ्यातून सरासरी २.२ हिरे निघतात. आधी सिल्क टच मिळाला तर हिऱ्याचे ठोकळे तसेच्या तसे उचलून घरी आण, पेटीत रचून ठेव, आणि फॉर्च्यून ३ हातात आलं की एका जागी मांडून फोड. हिरे शोधायला वाय (उंचीचा आकडा) उणे ५९ च्या आसपास खण, आणि लाव्हासाठी पाण्याची बादली सोबत असू दे.